समुद्रतळाशी उन्हाशिवाय कोण जगतं? आठवीच्या वर्गातला एक प्रश्न

फळा-खडू | १८ नोव्हेंबर, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. दिवाळीची सुट्टी संपली आणि पहिल्याच आठवड्यात आठवीला अन्नसाखळी घेतली. फळ्यावर नेहमीसारखा वर सूर्य काढला, खाली गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. "सगळ्या सजीवांची ऊर्जा शेवटी सूर्याकडूनच येते" हे वाक्य गेली १८ वर्षं मी या चित्राखाली लिहीत आलोय.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील मासेमारीला जातात. म्हणाला, "सर, पार खाली समुद्राच्या तळाशी काळोखच ना? मग तिथलं कोण काय खातं?" मी सांगितलं, वरून मेलेले जीव, विष्ठा, प्लवकांचा चुरा खाली पडत राहतो, त्यावर जगतात. त्याने विचारलं, "सगळेच?"

त्या "सगळेच?"ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन शोधाशोध केली तेव्हा कोल्ड सीप, म्हणजे शीत झरे, हा प्रकार कळला. समुद्रतळातून मिथेन वर येतो, त्यावर सूक्ष्मजीव जगतात आणि त्यांच्या जिवावर शिंपले आणि नळीकिडे, असं वाचलं. मग माझं ते वाक्य चुकीचं आहे का? मिथेन खाऊन पोट भरतं म्हणजे नेमकं काय होतं? आणि आपल्याकडे असं काही आहे का? मुलांना सोमवारी उत्तर द्यायचं कबूल केलंय. जाणकारांनी मदत करावी.

सदाफुली | १८ नोव्हेंबर, रात्री ९.२५

वाचतेय. "सगळेच?" विचारणाऱ्या त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या सर.

उधाणवारा | १८ नोव्हेंबर, रात्री ११.०२

सर, उत्तम धागा. मी काही वर्षं समुद्री भूविज्ञानात काम केलं, बंगालच्या उपसागरात दोन सफरी केल्या, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१९७७ साली गॅलापागोसजवळ समुद्रतळाशी उष्ण पाण्याचे झरे सापडले आणि त्यांच्याभोवती प्राण्यांची दाट वस्ती. तेव्हा सगळ्यांना वाटलं की ही करामत ज्वालामुखीच्या उष्णतेची. मग १९८४ साली मेक्सिकोच्या आखातात, फ्लोरिडाच्या कड्याच्या पायथ्याशी सुमारे ३,२०० मीटर खोलीवर चार्ल्स पॉल आणि सहकारी 'अल्विन' पाणबुडीतून उतरले. तिथे ना ज्वालामुखी ना उष्णता, तरीही तसेच शिंपले, तसेच नळीकिडे. थंड सीपची ओळख तिथून झाली. नावातल्या 'थंड'ने मुलांची गल्लत होऊ देऊ नका. तिथलं पाणी आजूबाजूच्या खोल पाण्याइतकंच, २ ते ४ अंशांचं असतं. उष्ण झऱ्यांपासून वेगळं ओळखू यावं म्हणून ते नाव.

आपल्याकडे? आहे! कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रात दीड किलोमीटरहून जास्त खोलीवर असे सक्रिय सीप आहेत. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे ना, तिच्या संशोधकांनी 'सिंधु साधना' जहाजावरून गेल्या दशकाच्या शेवटी ते शोधले.

अशा जागेवरचा गाळ वर येतो तो क्षण सांगतो. लांब नळी तळात रुतवून गाळ जसाच्या तसा वर काढतात, आम्ही तिला कोअरच म्हणतो. ती डेकवर आडवी केली की आतून फसफस ऐकू येते. कापून उघडली तर राखाडी चिखलात पांढरे खडे, इनो पाण्यात पडल्यासारखे चुरचुरणारे. ते मिथेन हायड्रेट, म्हणजे बर्फाच्या पिंजऱ्यात कोंडलेला मिथेन. वरचा दाब सुटला, ऊब लागली की ते विरघळायला लागतं. मी एक खडा हातमोज्यावर घेतला होता. मिनिटाभरात तो आक्रसत गेला आणि तळव्यावर गढूळ पाण्याचा एक थेंब उरला. आणि वास! सडक्या अंड्यांचा, असा की दोन दिवस जेवणाच्या ताटापर्यंत पाठ सोडत नाही. वास मिथेनचा नव्हे, त्याला वास नसतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. हा सल्फाइड कोण बनवतं यातच सरांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, पण ते सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांनी सांगावं.

फळा-खडू | १९ नोव्हेंबर, सकाळी ६.४५

उधाणवारा, मनापासून आभार. तो वास आमच्या मुलांना पाठ आहे! ओहोटीला खाडीत उतरून चिखलात पाय रुतला आणि उपसून काढला की खालचा काळा गाळ वर येतो, त्याचा हाच वास. तो आणि हा एकच का?

शेणकाला | १९ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

मी साताऱ्याकडचा. आमच्या घरी २२ वर्षं गोबरगॅस आहे. मिथेन म्हटल्यावर ऱ्हावलं नाही. आमच्या टाकीत शेणकाला घालायचा, हवा लागू द्यायची नाही, की आतले जंतू गॅस करत्यात. थंडीत गॅस कमी येतो, शेगडीची ज्योत लहान होते, म्हणून आई टाकीभोवती पाचट लावायची. माझा प्रश्न साधा आहे. आमच्या टाकीत जंतू गॅस *करत्यात*, तिकडं समुद्रात गॅस *खात्यात*. मग हे एकाच जातीचे का एकमेकांचे वैरी?

अणुरेणू | १९ नोव्हेंबर, दुपारी १.३०

शेणकाला, तुमचा प्रश्न वाचून जागची उठले. या विषयाचं मर्म नेमकं तिथेच आहे, आणि ते कळायला शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं लागली.

तुमच्या टाकीत मिथेन करणारे जीव म्हणजे आर्किया. दिसायला जिवाणूंसारखे, पण वंश अगदी वेगळा. लोणारचं सरोवर २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं आठवतंय? ती खारात वाढणारी आर्कियाच. तर समुद्रतळाशी मिथेन खाणारे जीवही आर्किया, आणि तुमच्या टाकीतल्यांचे चुलतभाऊ! मिथेन तयार करताना शेवटच्या पायरीला निकेल असलेलं एक विकर (एन्झाइम) लागतं. हे खाणारे तेच विकर वापरतात, फक्त सगळी यंत्रणा उलटी चालवतात. म्हणजे तुमचा गोबरगॅस रिव्हर्स गिअरमध्ये.

पण इथे अडचण येते. गाळात ऑक्सिजन नाही. मिथेन मोडला की निघणारे इलेक्ट्रॉन कुणीतरी घ्यायला हवेत, नाहीतर काम तिथेच ठप्प. मग हे आर्किया जोडीदार धरतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी या सल्फेटवर 'श्वास' घेतात आणि त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतात. आर्किया मिथेन मोडतात, इलेक्ट्रॉन शेजारच्या जिवाणूला देतात, जिवाणू ते सल्फेटवर टाकतो. दोघांचंही पोट भरतं. दोघं एकमेकांशी नेमकी देवाणघेवाण कशी करतात यावर खूप वाद झाले. २०१५ साली दोन गटांनी दाखवलं की इलेक्ट्रॉन थेट एका पेशीतून दुसरीत जाऊ शकतात, पेशींमध्ये जणू तारा जोडल्यात.

सन २००० मध्ये आंत्ये बोएटियस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यासमोरच्या हायड्रेट रिज इथल्या गाळात ही जोडी सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दाखवली. मध्ये सुमारे १०० आर्कियांचा गोळा आणि त्याभोवती सुमारे २०० जिवाणूंचं कवच. चित्र पाहिलं की मला मोदक आठवतो, आत सारण, बाहेर पारी. फक्त हा मोदक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढाही नसतो.

आणि मिळकत किती थोडी! या व्यवहारातून सुटणारी ऊर्जा इतकी कमी की एका पेशीच्या दोन व्हायला काही महिने लागतात. आपल्या आतड्यातला ई. कोलाय चांगलं खाणं मिळालं तर २० मिनिटांत दुप्पट होतो.

सर, तुमच्या खाडीतला काळा गाळ आणि त्याचा वास हे त्याच सल्फेटवाल्या जिवाणूंच्या भाऊबंदांचं काम. तिथे ते पानापाचोळ्यावर जगतात. सल्फाइड गाळातल्या लोखंडाशी जुळला की काळा रंग येतो.

शेणकाला | १९ नोव्हेंबर, दुपारी २.०५

रिव्हर्स गिअर! आईला सांगितलं. ती म्हणाली, मग थंडीत आपल्या टाकीनं रिव्हर्स टाकला का ते इचार.

अणुरेणू | १९ नोव्हेंबर, दुपारी २.२०

आईंना नमस्कार सांगा :) नाही, टाकीत फक्त थंडीने काम मंदावतं. पाचट लावणं अगदी बरोबर.

शब्दवेल्हाळ | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.००

विषय माझा नाही, शब्द माझा. 'शीत झरा' म्हणू नका. झरा वाहतो, खळखळतो. इथे वायू आणि पाणी गाळाच्या फटींतून हळूहळू झिरपत वर येतंय. त्याला आपल्याकडे घराघरात माहीत असलेला शब्द आहे: पाझर. विहिरीला पाझर असतो, पाझर तलाव असतो. थंड पाझर म्हणा.

उधाणवारा | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.४०

+१. 'पाझर' पहिल्यांदा ऐकला आणि पटला. काही ठिकाणी मात्र बुडबुड्यांच्या माळा जोरात वर जातात, तिथे 'झरा'ही खोटा नाही. पण एकूण जातीला पाझरच शोभतो. आता धाग्यात पाझरच म्हणू या.

तिसऱ्या_सुक्या | १९ नोव्हेंबर, रात्री ८.१५

माका एकच विचारूचा आसा. थयचे शिनाणे खाऊक गावतत काय?

उधाणवारा | १९ नोव्हेंबर, रात्री ८.५०

अरे बाबा, त्या शिनाण्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, कल्ल्यांत सूक्ष्मजीव ठासून भरलेले असतात. काही जातींत मिथेन खाणारे, काहींत सल्फाइडवाले, काहींत दोन्ही. शिनाण्याचं बरंचसं अन्न तेच पुरवतात. आणि वास वर सांगितलाच आहे. कोकम कितीही घातलंस तरी जाणार नाही.

खरी कमाल नळीकिड्यांची आहे. मेक्सिकोच्या आखातातल्या पाझरांवरच्या लॅमेलिब्रॅकियाला ना तोंड ना आतडं. शरीराच्या खालच्या टोकाने तो झाडाच्या मुळांसारखा गाळात शिरतो, तिथला सल्फाइड शोषतो आणि आतल्या जिवाणूंना पुरवतो, ते त्याला पोसतात. वाढ इतकी सावकाश की काहींचं वय २५० वर्षांच्या पुढे मोजलं गेलंय. म्हणजे आज जिवंत असलेला एखादा किडा माधवराव पेशव्यांच्या काळात गाळात रुजलेला असू शकतो.

सदाफुली | १९ नोव्हेंबर, रात्री ९.३०

मी मुलीबरोबर वाचतेय, ती सहावीत आहे. तिने एक खेकडा शोधून काढला: कोस्टा रिकाजवळच्या पाझरावरचा किवा पुराविदा. त्याच्या नांग्यांवर केस असतात, केसांवर जिवाणू वाढतात, आणि तो नांग्या तालात हलवत राहतो म्हणजे जिवाणूंना खालून येणारा सल्फाइड आणि वरचा ऑक्सिजन दोन्ही मिळतात. मग तो केस विंचरून जिवाणू खातो. ती म्हणते, हा खेकडा नाचत नाही, शेताला पाणी देतोय.

फळा-खडू | १९ नोव्हेंबर, रात्री ९.५०

सदाफुली, लेकीचं हे वाक्य मी उद्या वर्गात तिच्या नावाने सांगणार.

ध्रुवतारा | २० नोव्हेंबर, सकाळी १०.३०

मूळ प्रश्नाकडे येऊ या. सर, माझ्या मते उत्तर सरळ आहे. तुमचं वाक्य चुकीचं आहे, त्यावर काट मारा. मिथेन ही रासायनिक ऊर्जा आहे, सूर्यप्रकाश नाही. या जीवसृष्टीला सूर्य लागत नाही, उद्या विझला तरी फरक पडणार नाही. मुलांना हेच स्पष्ट सांगावं.

उधाणवारा | २० नोव्हेंबर, दुपारी १२.१०

ध्रुवतारा, इथे मी असहमत. मिथेन आला कुठून ते बघा. कृष्णा-गोदावरीच्या पाझरांत तो मुख्यतः सूक्ष्मजीवांनीच केलेला आहे, गाळात पुरलेल्या सेंद्रिय पदार्थांपासून. ते पदार्थ म्हणजे कधीकाळची पानं, शेवाळ, प्लवक. कुणी वाढवली? उन्हाने. शिवाय शिनाणे, नळीकिडे, नाचणारा खेकडा या सगळ्यांना ऑक्सिजन लागतो, आणि तो वरच्या प्रकाशसंश्लेषणातूनच खाली पोचतो. सूर्य विझला तर हे लगेच नाही, पण पुढेमागे मरतील.

ध्रुवतारा | २० नोव्हेंबर, दुपारी १२.४०

प्राण्यांचं मान्य. पण मी सूक्ष्मजीवांबद्दल बोलतोय. मिथेन आणि सल्फेट, दोन्हींना ऑक्सिजन नको.

अणुरेणू | २० नोव्हेंबर, दुपारी १.१५

समुद्रात एवढं सल्फेट आहे तेही बऱ्याच अंशी हवेतल्या ऑक्सिजनमुळे. जमिनीवरच्या खडकांतली गंधकाची खनिजं ऑक्सिजनने गंजतात, सल्फेट होऊन नद्यांतून समुद्रात जातात. तो ऑक्सिजन पुन्हा हिरव्या जीवांचा. तेव्हा आर्किया-जिवाणूंची ती जोडी काळोखात बसली असली तरी ताटातले दोन्ही पदार्थ उन्हाने रांधलेले आहेत, फार फार पूर्वी.

गोदाकाठ | २० नोव्हेंबर, संध्याकाळी ६.२०

हे वाचताना अंगावर काटा आला. मी नांदेडचा. पावसाळ्यात गोदावरीचं पाणी कसं लालसर-काळपट गढूळ होतं ते लहानपणापासून पाहतोय. त्र्यंबकेश्वरापासून नाशिक, पैठण, नांदेड करत सगळ्यांच्या शेतांचा गाळ ही नदी बंगालच्या उपसागरात नेते. तुम्ही म्हणता त्या पाझरांतला गाळ तोच ना? म्हणजे आमच्या काळ्या मातीचा, कुठल्यातरी जुन्या जंगलाच्या पानांचाही त्या मिथेनमध्ये वाटा असेल?

उधाणवारा | २० नोव्हेंबर, संध्याकाळी ७.०५

असेल, नक्कीच. त्या खोऱ्यातल्या गाळात दख्खनच्या बसाल्टची माती ओळखू येते. तिच्याबरोबर जमिनीवरच्या वनस्पतींचे अवशेष येतात, समुद्रातल्या प्लवकांचे मिसळतात. खोल गाडल्या गेलेल्या पदार्थाचा मिथेन होऊन तो वर पाझरायला मात्र फार मोठा काळ जातो. तुमच्या आजोबांच्या शेतातला गाळ आत्ता कुठे वरच्या थरांत असेल.

तेलविहीर | २० नोव्हेंबर, रात्री १०.४५

मी काकिनाड्याच्या समुद्रात वायुविहिरींवर काम करतो. एक बाजू राहतेय ती मांडतो. २००६ च्या राष्ट्रीय हायड्रेट मोहिमेत 'जॉइडिस रिझोल्यूशन' जहाजाने याच खोऱ्यात एका ठिकाणी १२८ मीटर जाडीच्या थरात हायड्रेट शोधलं. एक घनमीटर हायड्रेटमधून सुमारे १६४ घनमीटर वायू निघतो. आपण वापरतो त्यातला जवळजवळ निम्मा वायू बाहेरून आणतो. जपानने २०१३ मध्ये आणि चीनने २०१७ मध्ये समुद्रातून हायड्रेटचा वायू काढून पाहिला. आपणही काढलाच पाहिजे. या सूक्ष्मजीवांचं कौतुक मलाही आहे, पण त्यांच्यासाठी हात बांधून बसणं मला पटत नाही.

सदाफुली | २० नोव्हेंबर, रात्री ११.१०

हात बांधून बसा असं कुणीच म्हणत नाहीये. पण समुद्रतळाच्या गाळात तयार होणाऱ्या मिथेनपैकी बहुतेक भाग हेच जीव खाऊन टाकतात, तो पाण्यापर्यंत पोचतच नाही. १०० वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट ऊब धरतो. दुप्पट व्हायला महिने घेणारी वस्ती आपण खरवडली तर ती परत कधी भरणार?

तेलविहीर | २१ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

मुद्दा रास्त आहे. फक्त एक गैरसमज नको. वायू काढण्याजोगं हायड्रेट तळाखाली बरंच खोल, वाळूच्या थरांत शोधतात. पाझरावरच कुणी विहीर खणणार नाही. उलट आम्ही पाझर टाळतो, कारण तिथली जमीन भरवशाची नसते. हायड्रेट किती त्रास देतं ते २०१० साली मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीत दिसलंच. गळतीवर उतरवलेल्या पोलादी घुमटात हायड्रेट साचलं आणि तो निकामी झाला.

अणुरेणू | २१ नोव्हेंबर, सकाळी ९.००

मग आपण फार लांब नाही आहोत. माझं मागणं एवढंच आहे: विहिरीसाठी जागा तपासताना खडक आणि दाब मोजता तसा वरच्या गाळातला मिथेन खाणाऱ्या जीवांचा हा थरही आधी मोजा. तो किती जाड आहे, किती मिथेन खातो, काम झाल्यावर खातोय का. पाझरावर हा थर कधीकधी पृष्ठभागाखाली जेमतेम काही सेंटिमीटरवर असतो. नुसत्या जहाजाच्या नांगराच्या फरफटीने जाईल. आणि याची जाणीव असलेली माणसं जहाजावर असू देत.

तेलविहीर | २१ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

हे मान्य. आमच्या पाहणीत हे मोजलं जात नाही. मी विचारून बघतो.

योकोहामाकर | २१ नोव्हेंबर, दुपारी ३.००

जपानहून लिहितोय. इथली एक गोष्ट सरांच्या मुलांना नक्की आवडेल.

२००६ साली नानकाई खळगीजवळच्या ओमिने कड्यावरून, २,५३३ मीटर खोलीवरच्या मिथेन पाझराचा गाळ 'शिंकाई ६५००' पाणबुडीने वर आणला. हिरोयुकी इमाची आणि त्यांच्या चमूने तो गाळ प्रयोगशाळेत जगवायचं ठरवलं. कशात? आपण भांडी घासायला वापरतो तसल्या स्पंजात! स्पंजाचे तुकडे एकाखाली एक टांगले, त्यांतून मिथेन आणि समुद्रासारखं पाणी झिरपत ठेवलं. म्हणजे प्रयोगशाळेत पाझर बांधला. तो २,००० हून जास्त दिवस चालू ठेवला. मग त्यातून थोडं थोडं काचेच्या नळ्यांत घेत, वाट बघत, पुन्हा घेत. एकूण १२ वर्षांनी एक आर्किया वेगळा झाला. 'नेचर'मध्ये तो शोधनिबंध २०२० साली आला.

एवढं कशासाठी? तो आर्किया अ‍ॅसगार्ड कुळातला आहे. झाडं, बुरशी, माणूस, सगळे ज्या पेशीपासून आले तिच्या सगळ्यात जवळचं ज्ञात कुळ. त्याच्या पेशीतून लांब हातांसारखे धागे निघतात, आणि तो एकटा जगत नाही, त्याला जोडीदार लागतो. आपल्या पूर्वजांचा माग काढत ही माणसं पाझराच्या चिखलाशी पोचली.

शेणकाला | २१ नोव्हेंबर, दुपारी ३.४०

१२ वर्षं स्पंजाला मिथेन पाजत बसले. दंडवत घ्या.

ध्रुवतारा | २१ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.१५

मी काल हट्टाने लिहिलं होतं, रात्रभर वाचलं. पाझरांबद्दल उधाणवारा आणि अणुरेणू यांचं बरोबर आहे. पण उन्हाशी जवळजवळ काहीच नातं नसलेलं एक उदाहरण सापडलंय. दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोल, खडकातल्या पाण्यात एक जिवाणू जवळजवळ एकटाच राहतो, डेसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर. खडकातल्या युरेनियमच्या किरणोत्साराने पाणी फुटून हायड्रोजन होतो, हा तो वापरतो, आणि सल्फेटवर श्वास घेतो. २००८ साली त्याचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. तेव्हा "सगळ्या सजीवांची" हे शब्द तरी बदलायला हवेत.

अणुरेणू | २१ नोव्हेंबर, रात्री ८.००

सुंदर उदाहरण. सर, आता एक सुचवते. मुलांना नुसतं सांगू नका, बाटलीत दाखवा.

पाझरांच्या फोटोत गाळावर पांढरी साय धरल्यासारखी दिसते ना, ते बेजिआटोआ नावाचे धागेदार जिवाणू. खालून येणारा सल्फाइड जाळून ते ऊर्जा मिळवतात. १८८७ साली सर्गेई विनोग्राडस्कीने याच बेजिआटोआला सूक्ष्मदर्शकाखाली सल्फाइडचं पाणी पाजलं. पाणी दिलं की पेशींत गंधकाचे चमकदार थेंब भरायचे, बंद केलं की संपायचे. रसायनांवर जगता येतं हे तिथे पहिल्यांदा कळलं, पाझर सापडायच्या जवळजवळ १०० वर्षं आधी.

त्याच्या नावाची बाटली अशी भरतात: दोन लिटरची पारदर्शक बाटली, खाडीचा गाळ, त्यात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे, एका उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक, अंड्याच्या कवचाचा चुरा. वर चार बोटं खाडीचं पाणी, थोडी हवा. झाकण सैल ठेवा, घट्ट लावलं तर फुगेल. खिडकीत ठेवा. दुसरी अगदी तशीच भरून कपाटात, पूर्ण काळोखात. सहा-सात आठवडे थांबा. उघडताना खिडक्या उघड्या, वास छातीभर घ्यायचा नाही. आणि हो, फळ्याचा खडू बहुधा जिप्समचा, म्हणजे सल्फेटच असतो. चिमूटभर कुटून टाका, तुमचं नावही बाटलीत जाईल.

फळा-खडू | २२ नोव्हेंबर, रात्री ९.१५

भरल्या! मुलं ओहोटीला गुडघाभर गाळात जाऊन बादली भरून आली. सोमवारी वर्गात मोदक, स्पंज, नाचणारा खेकडा, गोदावरीचा गाळ, सगळं सांगणार. वाक्याचं काय करायचं ते बाटल्या उघडल्यावर ठरवू.

फळा-खडू | १३ जानेवारी, रात्री ८.३०

मंडळी, धागा वर काढतोय.

खिडकीतली बाटली: पहिले दोन आठवडे काही नाही, मुलं निराश. तिसऱ्या आठवड्यात तळ काळा पडायला लागला. नाताळच्या सुमारास काचेलगत हिरवे पट्टे, आणि त्यांच्या खाली एका बाजूला जांभळट लाल डाग, कोकमाचा रस सांडल्यासारखा. अणुरेणू, फोटो तुम्हाला निरोपातून पाठवलाय.

कपाटातली बाटली आज उघडली. हिरवा नाही, लाल नाही. वरपासून खालपर्यंत काळी कुळकुळीत, आणि वास असा की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. मुलांनी एका सुरात सांगितलं, "सर, ऊन नसताना पण जगले!"

मागच्या बाकावरचा तो मुलगा गप्प होता. त्याने काळ्या चिखलात काडी घालून कागदाचा अर्धवट कुजलेला तुकडा वर काढला. त्यावर दोन अक्षरं अजून वाचता येत होती. म्हणाला, "पण सर, कागद झाडाचा. अंडं कोंबडीचं, तिने दाणे खाल्ले. ऊन आपणच कोंबून बाटलीत भरलं की."

वर्गात मी काही बोललो नाही. फळ्यावर ते जुनं चित्र होतंच. त्याने स्वतः उठून सूर्यापासून एक तुटक रेघ काढली, ती झाडाला, झाडापासून नदीला, नदीपासून समुद्राच्या तळाला नेली आणि तिथे बुडबुडे काढले. बाकीच्यांनी "सगळ्या" पुसून "बहुतेक" लिहिलं. खाणीतल्या जिवाणूसाठी कोपऱ्यात एक वेगळा चौकोन आहे, त्याला रेघ नाही.

आता त्याला तिसरी बाटली हवी आहे. कागद नको, अंडं नको, काळोखात, आणि खायला लोखंडाचा कीस. चालेल का?

अणुरेणू | १३ जानेवारी, रात्री ९.१०

सर, फोटो मिळाला. ते जांभळट डाग म्हणजे जांभळे गंधक जिवाणू, फार छान आलेत.

तिसरी बाटली जरूर भरा. हवा नसलेल्या गाळात लोखंड गंजताना थोडा हायड्रोजन सुटतो आणि काही सल्फेटवाले जिवाणू तो वापरू शकतात, त्यामुळे मुलाची कल्पना भक्कम आहे. पण गाळातच पानांचा भुगा असतो, म्हणून ही बाटली पूर्णपणे उन्हावेगळी होणार नाही, हे त्याला आधीच सांगा. सोबत लोखंड न घातलेली चौथी बाटली ठेवा. दोन्हींचा काळा थर दर आठवड्याला पट्टीने मोजून वहीत लिहू दे.

तेलविहीर | १३ जानेवारी, रात्री १०.००

आमच्या पाहणीबद्दल विचारलं. लेखी मागणी द्या म्हणाले. अणुरेणू, काय काय मोजायचं याची यादी निरोपातून पाठवाल का?

शेणकाला | १४ जानेवारी, सकाळी ७.२०

सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा. सर, तिसऱ्या-चौथ्या बाटलीचं इथंच कळवा. मी पण एक भरलीय, आमच्या टाकीच्या स्लरीची. आईनं ती स्वयंपाकघरातून गोठ्यात हलवलीय.